अठरा इनिंग मावतील अशी वही

सिएटल मरिनर्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या चाहत्याने स्कोअरबुक, म्हणजे सामना हाताने लिहून ठेवायची वही, घेताना कागद, बांधणी, किंमत हे सगळं नंतर बघावं. आधी रकाने मोजावेत. दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ वह्यांत दहा इनिंगपुरतीच जागा असते. सामना नऊ इनिंगचा, बरोबरी झाली तर एखादी जास्त, असा त्यामागचा हिशेब. सिएटलला हा हिशेब पुरत नाही. १५ ऑक्टोबर २०२२ ला ह्यूस्टन ॲस्ट्रोजविरुद्धचा प्लेऑफचा, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीचा, सामना अठरा इनिंग चालला, सहा तास बावीस मिनिटं. १० ऑक्टोबर २०२५ ला डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध पंधरा इनिंग झाल्या. दोन्ही सामने आपल्याच मैदानावर. पहिला आपण १-० ने हरलो, दुसरा ३-२ ने जिंकलो. माझ्या जुन्या, दहा रकान्यांच्या वहीत ॲस्ट्रोजचा सामना दोन जोडपानांवर तुटलाय. आज तो वाचताना अकराव्या इनिंगला पान उलटावं लागतं आणि सलग वाढत गेलेला ताण मधेच मोडतो.

२०२५ च्या हंगामासाठी घेतलेली वही या एका बाबतीत मला फार आवडली. आडवी, स्पायरलची वही. डाव्या पानावर पाहुणा संघ, उजव्या पानावर आपला. इनिंगचे रकाने बारा. त्यापुढे बेरजांसाठी सहा रकाने आहेत आणि ते इनिंगच्याच रुंदीचे छापलेत. म्हणजे वेळ आली तर बेरजा समासात लिहून अठराव्या इनिंगपर्यंत एका ओळीत जाता येतं. ज्याने कोणी ही मांडणी केली, त्याने लांबलेला सामना बसून लिहिलेला असणार. या मांडणीच्या वह्या दोन-तीन कंपन्या काढतात, त्यामुळे नाव देत नाही. वही उघडून शेवटच्या रकान्यांची रुंदी बघा, लगेच कळेल.

ज्यांनी कधी स्कोअर लिहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि मागचे तिघे डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला गेला आणि दोघं बाद झाले, तर ६-४-३. बॅटरचा हुकलेला किंवा त्याने सोडलेला पट्ट्यातला चेंडू म्हणजे स्ट्राइक; तीन झाले की स्ट्राइकआउट, त्याला के. बॅट न फिरवता नुसता बघत राहून बाद झाला तर उलटा के. प्रत्येक बॅटरसाठी एक चौकोन, त्यात छोटा डायमंड, म्हणजे चार बेसची चौकट. तो जितके बेस पुढे जाईल तितक्या बाजू ठळक करायच्या, रन झाला की आतला भाग भरून टाकायचा. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कचा पत्रकार हेन्री चॅडविक याने या लेखनाचा पाया घातला, आणि आजही पेन्सिल-कागदावर त्याच वाटेने सामना उतरवता येतो.

या वहीत डायमंड आधीच छापलेला आहे, फिकट राखाडी रंगात. काही जुने लिहिणारे छापील डायमंडला नाकं मुरडतात. माझं मत वेगळं आहे, आणि त्याचं कारण २०२३ पासून आलेलं पिच क्लॉक, म्हणजे पिचरने चेंडू (पिच) टाकण्याची वेळमर्यादा. बेसवर कोणी नसेल तर पिचरला पंधरा सेकंदांत चेंडू टाकावा लागतो. सामन्याची सरासरी वेळ २०२२ मध्ये तीन तासांच्या वर होती, ती एका हंगामात दोन तास चाळीस मिनिटांवर आली. खेळासाठी हे उत्तमच झालं, पण पेन्सिल हातात असणाऱ्याची उसंत गेली. आता प्रत्येक वेळी डायमंड काढत बसलं तर पुढचा पिच चुकतो. राखाडी छपाईवर पेन्सिलची रेघ स्वच्छ उठून दिसते. गडद काळ्या छपाईच्या वह्या मात्र घेऊ नका. त्यांत रन झालेला चौकोन आणि रिकामा चौकोन लांबून सारखेच दिसतात.

बॉल (बॅटरने सोडलेला, पट्ट्याबाहेरचा चेंडू) आणि स्ट्राइकसाठी चौकोनाच्या कोपऱ्यात पाच बारीक खणही आहेत. मी ते प्रत्येक पिचला भरते. तीन बॉल, दोन स्ट्राइक असे सगळे भरलेले खण म्हणजे बॅटर पिचरशी झगडला, हे पुढे कितीही वर्षांनी दिसतं. बाद झाला असला तरी दिसतं. आणि माझ्या लेखी स्कोअरबुकची खरी किंमत इथेच आहे. नियमित हंगामात १६२ सामने. २००१ मध्ये मरिनर्सनी ११६ जिंकले, १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी केली, आणि तरी ४६ हरले. इतक्या मोठ्या वर्षातही महिन्याला सात-आठ पराभव. जो नुसता निकाल मोजतो, तो असल्या खेळात थकून जातो. जो लिहितो, त्याच्याकडे हरलेल्या सामन्यातलंही काहीतरी राहतं: एक सुरेख ६-४-३, नवव्या बॅटरने खेचून काढलेला वॉक (चार बॉलवर मिळालेला पहिला बेस), धावत जाऊन पकडलेला चेंडू.

त्या २००१ नंतर २०२२ पर्यंत आपण एकदाही प्लेऑफला गेलो नाही. त्या वर्षांच्या माझ्या वह्या कपाटात आहेत आणि त्यांतली पानं मी अजून काढून वाचते. २०१० घ्या. एकशे एक पराभव, अख्ख्या हंगामात संघाचे ५१३ रन. त्याच वर्षी आपल्या पिचर फेलिक्स हर्नांडेझला लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, तोही १३ विजय आणि १२ पराभवांवर. बारा पराभव वाचून लोक चक्रावतात. लिहिणाऱ्याला त्यात काही नवल वाटलं नाही. समोरच्या संघाच्या पानावर के आणि शून्यं, आणि आपल्या पानावर रिकामे डायमंड, हेच आम्ही उन्हाळाभर लिहीत होतो.

आणि २०१२. त्या वर्षी २१ एप्रिलला शिकागो व्हाइट सॉक्सच्या फिलिप हंबरने सिएटलमध्ये येऊन आपल्याविरुद्ध परफेक्ट गेम टाकला. सत्तावीस बॅटर, सत्तावीस बाद. शेवटच्या बॅटरचा चौकोन मोठा विलक्षण आहे. ब्रेंडन रायन, तीन बॉल दोन स्ट्राइक. अर्धी फिरवलेली बॅट अंपायरने पूर्ण धरली, पण चेंडू कॅचरच्या हातून निसटला. अशा वेळी बॅटरला पहिल्या बेसकडे पळता येतं. कॅचरने चेंडू उचलून पहिल्या बेसला फेकला आणि सामना संपला. वहीत लिहायचं: के, २-३. चार महिन्यांनी, १५ ऑगस्टला, त्याच मैदानावर फेलिक्सने टँपा बे रेजविरुद्ध परफेक्ट गेम टाकला. १-० ने विजय, बारा स्ट्राइकआउट, शेवटचा उलटा के. आणि आपला तो एकमेव रन कोणाचा? ब्रेंडन रायनचा. ही दोन पानं मी शेजारी शेजारी ठेवून बघते. एकाच खेळाडूचं नाव, एकाच हंगामात, एका परफेक्ट गेमच्या शेवटच्या चौकोनात आणि दुसऱ्या परफेक्ट गेममधल्या एकुलत्या भरलेल्या डायमंडात. फोनवरच्या ॲपमध्ये दोन्ही सामन्यांचे आकडे मिळतात, पण हे असं भेटत नाही. त्यासाठी ते नाव स्वतःच्या हाताने दोनदा लिहिलेलं असावं लागतं.

कागदाबद्दल. जाड आहे, किंचित खरबरीत, टू-बी पेन्सिल छान चालते. खोडरबर इथे हौसेची गोष्ट नाही, गरजेची आहे: अधिकृत स्कोअरर आधी हिट (बॅटरचा यशस्वी फटका) देतो आणि मागाहून ती एरर (क्षेत्ररक्षकाची चूक) ठरवतो, मग तुम्हालाही बदलावं लागतं. एकाच चौकोनात दोन-तीनदा खोडलं तरी या वहीचा कागद फाटला नाही, नुसती लव निघाली. पेनाने लिहू नका. मागच्या पानावर उमटतं. स्पायरल धातूचं आहे आणि वही पूर्ण उलटी दुमडून मांडीवर ठेवता येते, स्टेडियमच्या खुर्चीत हे फार महत्त्वाचं. पुठ्ठा मात्र अपुरा वाटला. सिएटलच्या स्टेडियमचं छप्पर वरून येतं, बाजू उघड्याच राहतात. एप्रिलच्या दमट गार रात्री पुठ्ठ्याचे कोपरे मऊ पडायला लागतात. मी एक पातळ प्लास्टिकची पाटी खाली धरते.

बदली खेळाडूंची सोय हा या वहीचा दुसरा मोठा गुण. बॅटिंगच्या प्रत्येक क्रमांकाला तीन ओळी आहेत. दोनच ओळींच्या वह्या खूप मिळतात आणि त्या प्लेऑफमध्ये दगा देतात. पिंच हिटरची, म्हणजे बदली बॅटरची, ओळ अरुंद, कोपऱ्यात कोंबलेली असेल तर मला राग येतो, कारण सिएटलचे मोठे क्षण तिथेच घडलेत. ३० सप्टेंबर २०२२, नववी इनिंग, दोन बाद, १-१ बरोबरी, पूर्ण काउंट (तीन बॉल, दोन स्ट्राइक), आणि पिंच हिटर म्हणून आलेल्या कॅल रॅलीचा होम रन. प्लेऑफची एकवीस वर्षांची प्रतीक्षा बदली खेळाडूच्या ओळीत संपली. २०२५ च्या टायगर्सविरुद्धच्या त्या पंधरा इनिंगच्या, मालिकेतल्या पाचव्या सामन्यातही सातव्या इनिंगला बरोबरी साधून दिली ती पिंच हिटर लिओ रिव्हासने. त्याआधीचं टायगर्सच्या पिचर टारिक स्कुबलविरुद्धचं लेखन बघवत नाही: सहा इनिंगमध्ये तेरा स्ट्राइकआउट, त्यातले सात ओळीने. आपल्या पानावर के, के, के असा पट्टाच. तरी पंधराव्या इनिंगला बेस भरलेले असताना होर्हे पोलांकोची सिंगल (एका बेसचा फटका) आली आणि सामना आपला झाला. तेराव्या रकान्यापासून पुढे मी बेरजांच्या जागेत लिहीत होते. पान एकच, सामना एकच. त्यासाठीच ही वही.

उणिवा सांगायला हव्यात. पिचरांचा तक्ता सहा ओळींचा आहे. आजच्या बेसबॉलला तो पुरत नाही, लांबलेल्या सामन्यात तर नाहीच. नियमित हंगामात २०२० पासून जादा इनिंग दुसऱ्या बेसवर आयता धावक ठेवून सुरू होते, त्याच्यासाठी कुठे खूण करायची सोय नाही. मी चौकोनात दुसऱ्या बेसपाशी ठिपका देते. प्लेऑफमध्ये तो नियम नसतो, म्हणून ते सामने असे अंतहीन होतात आणि म्हणूनच मला ते जास्त खरे वाटतात.

स्टेडियममध्ये मध्यभागाच्या मागच्या बाजूला डेव्ह नीहाउसचा कांस्य पुतळा आहे. १९७७ ला संघ सुरू झाला तेव्हापासून २०१० मध्ये जाईपर्यंत त्यांनी रेडिओवर हा संघ ऐकवला. पुतळ्यात ते मायक्रोफोनसमोर बसलेत आणि पुढ्यात उघडं स्कोअरबुक आहे, १९९५ च्या यँकीजविरुद्धच्या पाचव्या सामन्याचं पान. अकरावी इनिंग, एडगर मार्टिनेझचा डबल (दोन बेसचा फटका), कोरा आणि ग्रिफी घरी, म्हणजे दोघांचे रन. शेजारची खुर्ची रिकामी ठेवलीय, कोणीही जाऊन बसावं. नव्याने लिहायला लागणाऱ्याने तिथे जाऊन ते पान नीट बघावं. चौकोनात किती कमी लिहून किती सांगता येतं, ते शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

२० ऑक्टोबर २०२५ चं पानही याच वहीत आहे. टोरोंटोत, टोरोंटोच्या संघाविरुद्धच्या मालिकेचा सातवा सामना, जिंकलो असतो तर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका. तीस संघांत तिथे कधीच न पोचलेले आपण एकटेच. तीन दिवस आधी सिएटलमध्ये युजेनियो सुआरेझच्या ग्रँड स्लॅमने (बेस भरलेले असताना मारलेला होम रन) आपण मालिकेत ३-२ ने पुढे गेलो होतो. सातव्या सामन्यात हूलिओ रॉड्रिगेझचा होम रन, कॅलचा होम रन, ३-१ आघाडी. मग टोरोंटोच्या पानावर सातवी इनिंग: वॉक, सिंगल, सॅक्रिफाइस बंट (धावकांना पुढे सरकवायला हलकेच ढकललेला चेंडू), पिचर बदलल्याची आडवी रेघ, आणि जॉर्ज स्प्रिंगरचा पूर्ण भरलेला डायमंड. ४-३. त्यानंतरचे आपले सहा बाद मी लिहिले. शेवटचा के हूलिओचा. पेन्सिल दाबून लिहिलीय, तरी कागद टिकला. वहीबद्दल सांगायचं तर हेही सांगायला हवं.

त्या रात्रीनंतर ओळखीतल्या काहींनी ठरवलं की पुढच्या वर्षी इतकं मन गुंतवायचं नाही. मला तसं वाटलं नाही. कॅलचे त्या हंगामातले साठ होम रन आहेत, आणि त्यांतले जितके मी लिहिले तितके भरलेले डायमंड माझ्या हातचे आहेत. एका सातव्या इनिंगने ते पुसले जात नाहीत.

किती घ्याव्यात याचा हिशेब असा. एका वहीत पन्नास सामने बसतात. पूर्ण हंगाम लिहायचा असेल तर तीन वह्यांत दीडशे, उरलेले बारा चौथीत. चौथीत मग अडतीस सामन्यांची जागा राहते. वाइल्ड कार्डपासून, म्हणजे प्लेऑफच्या पहिल्या फेरीपासून, वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यापर्यंत जास्तीत जास्त बावीस सामने होतात. चौथी वही आत्ताच घेऊन ठेवा.