ओसीआधीचा फ्लॅट की ओसीनंतरचा? मुंबईतला कराचा हिशेब

ओसी म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र. करारकिंमत 1 कोटी 20 लाख धरू. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर 5 टक्के जीएसटी म्हणजे 6 लाख, 6 टक्के मुद्रांक शुल्क 7 लाख 20 हजार, नोंदणी 30 हजार. घर पडलं 1 कोटी 33 लाख 50 हजारांना. ओसी आलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही, त्यामुळे त्याच किमतीत तो 1 कोटी 27 लाख 50 हजारांना पडतो. उलटा हिशेब मांडला तर तयार फ्लॅट साधारण 1 कोटी 25 लाख 66 हजारांना मिळाला तरी दोन्ही सारखेच. फरक साडेचार-पाच टक्क्यांच्या आत असेल, तर तयार घर घ्या. ताब्यापर्यंतचं भाडं आणि हप्ता एकत्र भरायचा असेल, तर आणखी थोडा फरकही परवडतो.

खरी मेख टोकनमध्ये आहे. पूर्ण मोबदला ओसीनंतर दिला तरच जीएसटी लागत नाही. ‘ओसी पुढच्या महिन्यात येतेय, आत्ता एक लाख देऊन ठेवा’ असं ऐकून चेक दिलात, तर त्या लाखावर नव्हे, अख्ख्या किमतीवर 5 टक्के बसतात. पार्ट ओसी, म्हणजे इमारतीच्या काही भागापुरतीच ओसी असेल तर तिच्यात आपली विंग आणि आपला मजला आहे का, ते कागदावरच पाहावं. सेल्स ऑफिसच्या शब्दावर जाऊ नये.

1 टक्का जीएसटीचा ‘परवडणारं घर’ हा दर मुंबई महानगरात 60 चौरस मीटर कार्पेट आणि 45 लाखांपर्यंतच. शहरात असं घर विरळाच, पण वसई-विरार, बदलापूरकडे पाहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: 45 लाखांत पार्किंगही मोजलं जातं. 43.50 लाखांचा फ्लॅट आणि 3 लाखांचं पार्किंग म्हटलं की 46.50 लाख, आणि कर 1 नाही, 5 टक्के. म्हणजे 2 लाख 32 हजार 500.

एप्रिल 2019 पूर्वी 5 टक्क्यांच्या जागी 12 टक्के दर होता, पण बिल्डरला इनपुट क्रेडिट, म्हणजे सिमेंट-स्टीलवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळायची. आता दर कमी आणि क्रेडिट बंद. म्हणून सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंट 28 वरून 18 टक्क्यांवर आलं, तरी त्याची बचत बिल्डरच्या खर्चात होते. आपल्या बिलातले 5 टक्के तसेच राहतात. भाव पाडून मागायला मुद्दा मिळतो, एवढंच.

रीसेलमध्येही जीएसटी नाही. पण दलालीचे एक-दोन टक्के धरा (दलालाची जीएसटी नोंदणी असेल तर दलालीवर 18 टक्के जीएसटी वेगळा) आणि जुन्या करारांची साखळी तपासा. आधीच्या एखाद्या करारावर मुद्रांक कमी भरला असेल, तर बँक कर्जाच्या वेळी तिथेच अडते.

मुद्रांक शुल्क तिन्हींत सारखंच. करारकिंमत आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला भाव) यांतल्या जास्त रकमेवर. करार फक्त महिलेच्या नावे असेल तर 1 टक्का सूट मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. वरच्या उदाहरणात ते 1 लाख 20 हजार होतात. एवढ्या किमतीच्या घराला बँक मुद्रांक शुल्क कर्जाच्या हिशेबात धरत नाही, ते खिशातूनच भरायचं.

बुकिंग रद्द झालं तर भरलेल्या जीएसटीसाठी आधी बिल्डरकडे क्रेडिट नोट (आकारलेली रक्कम आणि कर कमी केल्याचा कागद) मागा. त्याची मुदत संपली असेल, तर खरेदीदाराला जीएसटी पोर्टलवर स्वतः परताव्याचा अर्ज करता येतो. त्यासाठी पावत्या आणि रद्द केल्याचं पत्र जपून ठेवा.