क्लँगचा थ्रेड सॅनिटायझर आणि आर्चर: डेटा रेसला उत्तम, चुकलेल्या रिडक्शनला नाही

उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांसाठी आमच्याकडे ओतलेला धातू कसा गोठतो याचं गणित करणारा सी प्रोग्रॅम आहे. कास्टिंगचा जो भाग सगळ्यात शेवटी गोठतो तिथे पोकळी पडते, म्हणून रायझर (जादा धातू पुरवणारा कप्पा) कुठे बसवायचा ते त्यावरून ठरतं. तो सेल (गणितासाठी पाडलेल्या जाळीतली एक चौकट) शोधायला ओपनएमपीचा, म्हणजे काम अनेक थ्रेडवर वाटून एकाच वेळी करवणाऱ्या सोयीचा, समांतर लूप आणि स्वतः लिहिलेलं रिडक्शन (सगळ्या थ्रेडची उत्तरं जोडून एक करणं) आहे. ही सोय 2013 च्या 4.0 आवृत्तीपासून मिळते.

साचा तोच, आकडे तेच, तरी जागा बदलायची. फाउंड्रीतले अण्णा म्हणाले, "काल डावीकडं दाखवत होता की, आज उजवीकडं दाखवायलाय." म्हणून हे दुकलं लावलं: डेटा रेस, म्हणजे थ्रेडनी एकमेकांना न थांबवता एकाच जागेवर लिहिणं-वाचणं, पकडणारा क्लँग कंपायलरचा थ्रेड सॅनिटायझर, आणि त्याला ओपनएमपी समजावणारा आर्चर.

जीसीसी या दुसऱ्या कंपायलरच्या लिबगॉम्प या ओपनएमपी लायब्ररीबरोबर सॅनिटायझर वापरला की बॅरियर (सगळे थ्रेड एकमेकांसाठी थांबतात ती जागा) त्याला कळत नाही आणि बरोबर चाललेल्या कोडवरही तो रेस ओरडतो. क्लँगच्या स्वतःच्या ओपनएमपी लायब्ररीबरोबर आर्चर ही उणीव भरून काढतो. क्लँग ज्या संचात येतो त्या एलएलव्हीएमच्या 10 व्या आवृत्तीपासून तो सोबतच येतो, वेगळं काही बसवायला लागत नाही. इन्स्ट्रुमेंट न केलेली (सॅनिटायझरची तपासणी न घालता कंपाइल झालेली) मॉड्यूल्स दुर्लक्षित करण्याचा पर्याय मात्र चालू ठेवा. विसरलात तर तो स्वतःच आठवण करून देतो. आमच्या लूपमध्ये एक ग्लोबल काउंटर लॉकशिवाय वाढत होता. कुठल्या दोन थ्रेडनी, कुठल्या ओळीवर हात घातला, सगळं नीट छापून आलं. हे काम तो फार सुंदर करतो. वेग 5 ते 15 पट कमी होतो, मेमरी 5 ते 10 पट लागते, तेव्हा जाळी जाड करून चालवा.

काउंटर दुरुस्त झाला, अहवाल कोरा आला, आणि रायझर अजून फिरतच होता!

कास्टिंग दोन्ही बाजूंनी सारखं होतं. दोन सेलचा गोठण्याचा वेळ अगदी एकच, आणि कंबाइनरमध्ये (रिडक्शनमधला दोन उत्तरं जोडणारा भाग) फक्त "मोठा असेल तर घे" एवढंच. थ्रेडची उत्तरं कुठल्या क्रमाने जोडायची हे ओपनएमपी ठरवून देत नाही, त्यामुळे जो आधी आला तो जिंकला. वेळ सारखा असेल तर लहान क्रमांकाचा सेल घे, ही एक अट घातल्यावर उत्तर थांबलं. यात रेस नव्हतीच, सॅनिटायझर बोलणार कुठून?

तसंच सगळ्यात कमी तापमान 0 अंश येत होतं. बेळगावातला वाळूचा साचा इतका गार कधी होत नाही. इनिशियलायझर (प्रत्येक थ्रेडच्या प्रतीची सुरुवातीची किंमत ठरवणारा भाग) लिहिलेला नव्हता, म्हणून प्रत्येक थ्रेडची प्रत शून्यापासून सुरू झाली आणि किमान म्हणून तेच शून्य राहिलं. बेरजेत उलटा घोटाळा होतो. प्रतीला मूळ किंमत दिली, मूळ 100 आणि थ्रेड 8, तर लूपने काहीही न मिळवता 900 येतात: आठ प्रतींचे आठशे आणि मूळचे शंभर.

अशा चुकांना मी 1, 2 आणि 8 थ्रेडवर तोच लूप चालवून साध्या लूपच्या उत्तराशी ताडते. कंबाइनर वेगळ्या फंक्शनमध्ये लिहिते, म्हणजे जीडीबी या डीबगरमध्ये त्यावर ब्रेकपॉइंट लावून दोन्ही बाजूंच्या किमती बघता येतात.

फुकटात मिळणारं हे साधन समांतर कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने लावावं. इनिशियलायझर नसलेल्या रिडक्शनवर कंपायलरने निदान एक वॉर्निंग द्यावी, एवढी माझी मनापासून मागणी आहे.