बास्केटबॉलमध्ये थ्रीची लाईन कुठली मारायची, एनबीएची की फिबाची?

गणपती झाले, पाऊस ओसरला की आपल्याकडे उघड्या सिमेंटच्या कोर्टावरचं शेवाळ खरवडून नव्याने पट्टे मारायची वेळ येते, आणि पोरं मोबाईलवर एनबीएच्या (अमेरिकेच्या व्यावसायिक लीगच्या) स्टीफन करीला बघून बघून म्हणतात थ्रीची लाईन, म्हणजे जिच्या बाहेरून बास्केट केली की तीन पॉइंट मिळतात ती, एनबीएचीच मारूया. रत्नागिरी असो, मालवण असो, ज्यांना हे ठरवायचंय त्यांच्यासाठी दोन्ही समोरासमोर ठेवतो आणि माझं मत आधीच सांगतो, फिबाचीच, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचीच मारा.

एनबीएत लाईन समोरून ७.२४ मीटरवर आणि कॉर्नरला ६.७०, फिबात ६.७५ आणि ६.६०. म्हणजे कॉर्नरला जेमतेम दहा सेंटीमीटरचा फरक, पण समोरून जवळजवळ अर्धा मीटर, आणि तो लहान पोरांना फार जड जातो, पायातून जोर येत नाही मग बॉल खांद्यातून फेकायला लागतात आणि एकदा तो हात बसला की सुटता सुटत नाही. त्यात दुपारी खारा वारा सुटला की लांबचा बॉल हवेत जास्त वेळ राहतो तेवढा जास्त वाहतो.

मोजताना रिंगच्या बरोबर मधोमध खाली ओळंबा सोडा आणि तिथून लाईनच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा, बोर्डाखालून नाही. फिबाचं कोर्ट २८ बाय १५ मीटर, त्यामुळे कॉर्नरला साइडलाईनपर्यंत ९० सेंटीमीटर उरतात. एनबीएचं कोर्ट १५.२४ रुंद आहे म्हणून त्यांना ६.७० परवडतं, आपल्या १५ वर तीच मारली तर ८० उरतील. आणि जागा नाही म्हणून कोर्ट १४ मीटर रुंदच केलं असेल तर फिबाच्या लाईननेही ४०च उरतात, तिथे नीट उभंच राहता येत नाही, मग कॉर्नरची लाईन आत घ्या आणि स्कोअरशीटवर तसं स्पष्ट लिहा.

नियमांत वेळ फिबात चार क्वार्टर १० मिनिटांचे, एनबीएत १२ चे, आणि प्लेयर बाहेर जायला फाऊल फिबात पाच, एनबीएत सहा. माझ्या मते मोठा फरक रिंगजवळचा. एनबीएत डिफेन्सचा प्लेयर कोणाला मार्क न करता पेंटमध्ये (रिंगखालच्या चौकोनात) तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही, फिबात असं बंधन नाही, उंच पोरगा रिंगखाली ठाण मांडून बसला तरी चालतं, म्हणून इथे बाहेरून शॉट बसणं जास्तच गरजेचं. शिवाय फिबात बॉल रिंगला लागला की तो रिंगच्या वर असतानाही कोणीही हाताने मारू शकतो, एनबीएत नाही. आपली पोरं पुढे स्टेट खेळायला गेली तर फिबाचेच नियम असणार, मग सवय दुसरी कशाला लावायची.

आता रेकॉर्ड, कारण वाद तिथेच पेटतो. एनबीएच्या विल्ट चेंबरलेनने १९६२ मध्ये एका मॅचमध्ये १०० पॉइंट केले तेव्हा एनबीएत थ्री नव्हताच, तो १९७९-८० च्या सीझनला आला. मग १९९४ ते १९९७ तीन सीझन त्यांनी लाईन सगळीकडून ६.७० वर आणली, त्याच काळात डेनिस स्कॉटने १९९५-९६ मध्ये २६७ थ्री मारले, आणि रे ॲलनने २००५-०६ मध्ये २६९ मारले ते लांबच्या लाईनवरून, त्यामुळे दोनचाच फरक दिसत असला तरी मी ॲलनला बराच वर ठेवतो. करीचे २०१५-१६ चे ४०२ तर ८८६ शॉटमधून, म्हणजे ४५.४ टक्के, आणि तेही लांबच्याच लाईनवरून. फिबाची लाईनसुद्धा २०१० पर्यंत ६.२५ वर होती, तेव्हा आपल्या भागातल्या जुन्या प्लेयरचे आकडे आजच्या पोरांशी थेट लावू नका.

म्हणून आपल्या टुर्नामेंटचं रेकॉर्ड ठेवताना नुसते बसलेले थ्री लिहू नका, किती टाकले तेही लिहा, लाईनचं अंतर आणि मॅचची मिनिटं लिहा. ४० मिनिटांतले २० पॉइंट म्हणजे ४८ च्या हिशोबाने २४ होतात. आणि ३५ टक्के थ्री बसवणारा शंभर शॉटमागे १०५ पॉइंट देतो, ५० टक्के टू बसवणारा १००, हे पोरांना शीटवर दिसलं की शॉट निवडायला ती आपोआप शिकतात.

सिनियर पोरांना ७.२४ वर प्रॅक्टिस करायचीच असेल तर ती लाईन खडूने मारा, रंगाने नको, म्हणजे मॅचच्या आधी पुसता येईल आणि रेफरीचा गोंधळ होणार नाही.