वीस गुणिले पन्नास म्हणे!

बेचाळीसशे रुपये गेले, त्याचं आता तेवढं काही वाटत नाही. दुर्बीण खोटी निघाली आणि मी मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, ते जास्त झोंबतं. दीड महिना मी समजत होते की माझे डोळेच बिघडलेत. माझ्यासारखं आणखी कुणाचं होऊ नये म्हणून आकडेमोडीसकट सगळं सांगते.

लहानपणी साताऱ्यात आमच्या घराच्या गच्चीवर अण्णांनी नक्षत्रं ओळखायला शिकवलं. मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिकांचा झुबका. पुढे नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण यात वर बघायला फुरसत झाली नाही. निवृत्त झाले आणि ठरवलं, आता एक दुर्बीण घ्यायची. त्यात जानेवारी 2025 आला. आठवत असेल, मोबाइलवर जो तो ‘ग्रहांची परेड’ पाठवत होता. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र लखलखत होता, रोहिणीच्या शेजारी गुरू होता, पूर्वेला तांबूस मंगळ. त्याच आठवड्यात आमच्याकडच्या एका मंगल कार्यालयात प्रदर्शन-विक्री लागली. कुर्ती, लोणची, गुडघेदुखीचं तेल, आणि कोपऱ्यात एक टेबल दुर्बिणींचं. मागे फलक: ‘रशियन आर्मी डिस्पोजल’.

विकणारा पोरगेला होता, बोलायला गोड. ‘‘काकू, ही बघा, ट्वेंटी बाय फिफ्टी. वीसपट मोठं दिसतं. लाल काच आहे ना, ती नाइट व्हिजनची. सैन्यात हीच वापरतात.’’ मला दारात नेऊन त्याने पलीकडच्या देवळाचा कळस दाखवला. दुपारचे साडेबारा. कळसावरचा कावळासुद्धा स्वच्छ दिसला. झालं, मी विरघळले. पंचावन्नशे सांगत होता, घासाघीस करून बेचाळीसशेवर आणली आणि वर स्वतःच खूश झाले! बिल मागितलं तर म्हणाला, ‘‘बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा पडेल.’’ मी म्हटलं, राहू दे. ऑनलाइन पैसे पाठवताना स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता कुठल्यातरी बाईंचं नाव आलं. तेही पाहिलं आणि पाठवले. निघताना तो म्हणाला, ‘‘पुढे सूर्यग्रहण आलं की तेही बघा हिच्यातून.’’ हे वाक्य त्या वेळी कानावरून गेलं. आज आठवलं की अंगावर काटा येतो. कुठल्याही दुर्बिणीतून, लाल काच असो की निळी, पुढच्या भिंगांवर सूर्यासाठीचं खास फिल्टर न लावता सूर्याकडे पाहिलं तर डोळा कायमचा जाऊ शकतो. तो मुलगा हे नातवंडांना घेऊन आलेल्या माणसांनाही सांगत असणार.

त्या रात्री गच्चीवर गेले. गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये गुरूचे चंद्र पाहिले, मला 2025च्या जानेवारीत दिसावेत एवढीच इच्छा. गुरूकडे रोखली तर गुरूला चारी बाजूंनी शेपट्या फुटलेल्या. चंद्र शेवाळलेल्या काचेतून बघावा तसा हिरवट. रोहिणीचा केशरी रंग गायब. आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रत्येक तारा दोन, एक जरा वर, एक जरा खाली. डोळे ताणून ताणून ते जुळवायचे, की दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागायचं. थंडी असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल, वय झालं, असं मी स्वतःला समजावत राहिले. शेवटी डॉक्टरांकडे गेले. ‘‘मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे, पण एवढ्याने दोन तारे दिसणार नाहीत,’’ असं म्हणून त्यांनी थेंब लिहून दिले. दुर्बीण दाखवा, असं त्या बिचाऱ्यांना तरी कसं सुचणार!

महाशिवरात्रीच्या आधीच्या शनिवारी माझ्या भाच्याने भोरच्या पुढे एका शेतावर आकाशदर्शनाला नेलं. वीस-पंचवीस माणसं, सतरंज्या, थर्मास. मी माझी ‘आर्मीची’ दुर्बीण ऐटीत गळ्यात अडकवलेली. तिथल्या एका गृहस्थांनी ती हातात घेतली, पुढच्या लालभडक भिंगांवर लाल टॉर्च पाडला आणि विचारलं, ‘‘कितीला दिली त्याने?’’ ‘केवढ्याला घेतली’ असं ते म्हणाले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं.

मग त्यांनी स्वतःची दिली. काळी, साधी, दिसायला माझ्याहून जुनाट, अंगावर 10×50. मी कोपर गाडीच्या टपावर टेकवून गुरूकडे पाहिलं. छोटीशी पांढरी गोल टिकली आणि तिच्या दोन्ही अंगांना एका ओळीत बारीक ठिपके. मोजले. पुन्हा मोजले. मग मृगाच्या बाणाखाली पाहिलं, तर तेजोमेघाचा, म्हणजे वायू आणि धुळीच्या ढगाचा, धुरकट पिसारा. कृत्तिका उघड्या डोळ्यांना सहा दिसतात, तिथे मूठभर मीठ सांडलेलं. तारे दोन नव्हते, एकेक होते. डोळे ठीक होते माझे! मी तिथेच त्या डॉक्टरांना मनातल्या मनात नमस्कार घातला.

त्या गृहस्थांनी अर्ध्या तासात जे दाखवलं, ते मी दुकानात करून पाहायला हवं होतं.

पहिली गोष्ट आकड्यांची. 10×50 म्हणजे दहापट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास 50 मिलिमीटर. आकाशासाठी दुसरा आकडा महत्त्वाचा, कारण प्रकाश तेच भिंग गोळा करतं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली तरुणपणी सात मिलिमीटरपर्यंत उघडते, माझ्या वयात पाचेक. 50ला 10ने भागलं की 5 येतात. दुर्बिणीतून डोळ्यात शिरणारी प्रकाशाची काडी तेवढी जाड, म्हणजे माझ्यासारखीला नेमकी. वीसपट मोठं दाखवणारी दुर्बीण, खरी असली तरी, हातात धरून तारा स्थिर राहतच नाही, तिला ट्रायपॉड हवा. तेव्हा ‘वीसपट’, ‘साठपट’, ‘नव्वदपट’ असं कुणी गळ्यात मारायला लागला की समजायचं, याला आकाशाशी देणंघेणं नाही.

दुसरी गोष्ट मोजायची. दुर्बीण आकाशाकडे किंवा उजेड असलेल्या भिंतीकडे करून हातभर लांब धरली की डोळ्याच्या बाजूच्या भिंगात एक उजळ गोल टिकली दिसते. तीच ती प्रकाशाची काडी, तिच्यावर पट्टी धरायची. माझ्या दुर्बिणीवरचा आकडा खरा असता, तर 50 भागिले 20, अडीच मिलिमीटर यायला हवे होते. आले जवळपास चार. आता वाटेल, चार म्हणजे चांगलंच की! मलाही तसंच वाटलं. ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, ‘‘मग वीसपट आहे का ते बघा.’’ ते घरी येऊन पाहिलं. समोरच्या बंगल्याच्या विटांच्या कुंपणाकडे एक डोळा दुर्बिणीतून आणि दुसरा उघडा ठेवून बघायचं. सुरुवातीला गरगरतं, मग दोन्ही चित्रं एकावर एक बसतात. दुर्बिणीतली एक वीट साध्या डोळ्याच्या आठ विटांएवढी दिसली. वीस नाहीच. आठ गुणिले चार, बत्तीस. म्हणजे मी 20×50 च्या पैशात 8×32 घेतली होती, तीही वाकडी.

लेबलवरच चोरी पकडता आली असती, हे तर नंतर कळलं. अंगावर छापलं होतं, हजार यार्डांवर 168 फूट. हिशेब केला तर आकाशाचा 3.2 अंशांचा तुकडा दिसायला हवा. मृगाच्या बाणातले तीन तारे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेतीन अंश. ते जेमतेम मावायला हवे होते. माझ्या दुर्बिणीत बाण बसून शेजारी आणखी एक बाण बसेल एवढी जागा उरत होती. खऱ्या वीसपटीच्या दुर्बिणीवरचा मजकूर जसाच्या तसा उचलून माझ्यावर चिकटवलेला. लबाडीसुद्धा किती आळशी असावी!

पण मग पुढचं भिंग तर चांगलं 50 मिलिमीटरचं दिसत होतं, पट्टी लावून मी पाहिलंही होतं. त्याचं काय? रात्री खोलीत अंधार करून भाच्याने मोबाइलचा टॉर्च वीतभर लांबून डोळ्याच्या बाजूने आत सोडला आणि पुढच्या भिंगासमोर अगदी जवळ कागद धरला. कागदावर गोल पडला तो 32 मिलिमीटरचा. दुसऱ्या दिवशी त्याने पुढची कडी फिरवून भिंग काढलं. मागे काळ्या प्लॅस्टिकची चकती, मधोमध भोक. भिंगाचा कडेचा सगळा भाग त्या चकतीने झाकलेला. भाचा म्हणाला, ‘‘मावशी, चकती काढली की झाली की पन्नासची!’’ काढून पाहिली. सगळं आणखी धूसर झालं. भिंगाची कड इतकी वाईट घासलेली होती की ती झाकल्याशिवाय कावळाही धड दिसला नसता. 50 आणि 32 यांच्या वर्गांचा हिशेब करा, प्रकाश निम्म्याहूनही कमी.

आणि दुपारी साडेबाराला तो कळस एवढा छान का दिसला? उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरवर येते. दुर्बीण चार देतेय की सात, डोळ्याला पत्ताच लागत नाही. उजेड भरपूर, चित्र झळझळीत, दोन प्रतिमांमधला थोडासा फरक मेंदू सांभाळून घेतो. त्याने मला दारात नेलं ते उगाच नव्हतं. लाल काचेचंही तसंच. भिंगाचा लेप लाल दिसतो, कारण तो लाल प्रकाश बाहेर परत फेकतो. जो परत गेला तो माझ्या डोळ्यात आला नाही, म्हणून चंद्र हिरवट आणि रोहिणी फिकी. चांगल्या लेपाची भिंगं समोरून पाहिली तर काळसर दिसतात, हिरवी किंवा जांभळी झाक अगदी हलकी. नाइट व्हिजनचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. रशियाच्या नावाचं म्हणाल, तर सोव्हिएत काळातल्या जुन्या दुर्बिणी खरोखर मजबूत होत्या, आणि त्यांची अब्रू हे लोक विकतात.

दोन प्रतिमांची परीक्षा तर फुकट आहे. लांबच्या विजेच्या खांबावरचा दिवा पाहायचा, दुर्बीण सावकाश डोळ्यांपासून थोडी लांब न्यायची. दिव्याचे दोन झाले की ती टेबलावर परत ठेवायची. आतले लोलक, म्हणजे प्रिझम, सरकलेले असतात, घरी दुरुस्त होत नाहीत. चष्म्याच्या नंबरातला फरक मात्र उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून जुळतो. तो वेगळा दोष, त्यासाठी दुकानदाराला शिव्या देऊ नयेत.

पैसे परत मिळवायचा प्रयत्नही केला. मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक म्हणाले, ‘‘आम्ही हॉल भाड्याने देतो, मॅडम.’’ व्हिजिटिंग कार्डावरचा नंबर बंद. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बाई व्यवस्थित बोलल्या, पण त्यांनी विचारलं, विक्रेत्याचं नाव, पत्ता, बिल? माझ्याकडे पैसे पाठवल्याचा एक स्क्रीनशॉट. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव नाही, किंमत नाही, कुठल्या देशात बनली तेही नाही. बाहेरून आणलेल्या पॅकबंद मालावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते नसलेलं खोकं मी हातात घेऊन चारदा उलटंसुलटं पाहिलं होतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, वकीलही लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण तक्रार करायची कुणाविरुद्ध? जीएसटीचे पैसे वाचवायला गेले आणि तो प्रश्न मीच निकालात काढला.

आता 10×50 घेतली आहे, बिलासकट. घेण्याआधी दोन आकाशदर्शनांत दुसऱ्यांच्या दुर्बिणींतून पाहिलं, हे बरं केलं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करतं. तिथे गेलं की कुठली दुर्बीण मानेला जड होते, कुठली चष्म्यासकट लावता येते, हे कळतं. लोक आनंदाने हातात देतात. फक्त पट्टा आधी गळ्यात घालायचा.

या डिसेंबरात तेच प्रदर्शन परत आलं. मी पर्समध्ये स्टीलची पट्टी टाकून गेले. कोपऱ्यात टेबल होतं, फलक तोच, पोरगा दुसरा. एक कॉलेजातला मुलगा दारातून देवळाचा कळस बघत उभा. मी टेबलावरची दुर्बीण उचलून हातभर लांब धरली आणि पट्टी लावली. ‘‘काकू, हे काय करताय?’’ विक्रेत्याने विचारलं. ‘‘मोजतेय,’’ म्हटलं. त्याने दुर्बीण माझ्या हातातून हळूच काढून घेतली आणि म्हणाला, ‘‘ही फक्त फिरायला न्यायची आहे हो, ताऱ्यांची नाही.’’ खोक्यावर ठळक अक्षरांत ‘नाइट व्हिजन’ होतं. कळस बघणारा मुलगा आत आला आणि त्याने माझ्याकडे पट्टी मागितली.