इफेक्टिव्ह डेट चुकली: रिव्ह्यू, सप्लिमेंटल की बोर्ड?

अमेरिकी लष्करातून बाहेर पडलेल्यांच्या हातात व्हीएचं, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचं, निर्णयपत्र आलं की नजर आधी अपंगत्वाच्या टक्क्यांवर जाते. सत्तर टक्के मिळाले, चला, झालं. तारखेकडे लक्ष जातं ते थकबाकी बँकेत जमा झाल्यावर, कारण रक्कम अपेक्षेपेक्षा बरीच कमी असते. क्लेम पोचल्याची तारीख आणि अपंगत्व सुरू झाल्याची तारीख यांतली जी नंतरची ती इफेक्टिव्ह डेट, म्हणजे भरपाईचा हक्क सुरू होण्याची तारीख, हा मूळ नियम ठाऊक आहे असं धरून पुढे लिहितो. प्रश्न एवढाच की तारीख चुकली असेल तर कोणत्या दारातून आत जायचं.

त्याआधी ती खरंच चुकली आहे का ते पाहा. मराठी घरांत दोन घोटाळे हमखास होतात. पहिला तारीख वाचण्याचा. पत्रातलं ०४/०३/२०२४ म्हणजे ३ एप्रिल. आपला डोळा ते ४ मार्च वाचतो आणि महिना बुडाल्याची तक्रार सुरू होते. दुसरा पैशाचा. पैसे इफेक्टिव्ह डेटच्या पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून मोजले जातात. ९ जून ही तारीख असेल तर पैसे १ जुलैपासून. ९ ते ३० जून हे बावीस दिवस कायद्यानेच जातात, त्यांच्यासाठी भांडण नाही.

खरी चूक कशी दिसते, त्याचा एक नमुना घ्या. इंटेंट टु फाइल, म्हणजे क्लेम करणार असल्याची आगाऊ नोंद, ९ जून २०२३ ला नोंदवलं. पूर्ण क्लेम ३ जून २०२४ ला गेला, म्हणजे वर्षाच्या आत, त्यामुळे क्लेमची तारीख इंटेंटचीच धरायला हवी. सी अँड पी तपासणी, म्हणजे क्लेमसाठी व्हीए करवते ती वैद्यकीय तपासणी, १८ ऑक्टोबर २०२४ ला झाली. निर्णय आला तो ७० टक्के, १८ ऑक्टोबर २०२४ पासून. तपासणी करणाऱ्याने आजार त्या दिवशी कागदावर आणला म्हणून तो त्या दिवशी सुरू झाला, असा हा हिशेब. व्हेटरन्स कोर्टाने २००० मध्ये मॅकग्राथ आणि २०१५ मध्ये स्वेन या प्रकरणांत तो साफ नाकारला आहे: पुरावा कधी तयार झाला हे पाहायचं नसतं, तो कोणत्या काळाबद्दल बोलतो हे पाहायचं असतं. तरीही ही चूक होत राहते. फाइलमध्ये मार्च २०२३ ची उपचाराची नोंद असेल तर बरोबर तारीख ९ जून २०२३. पैशाचा फरक १ जुलै २०२३ ते ३१ ऑक्टोबर २०२४, म्हणजे सोळा महिने. एकट्या माणसाच्या दराने पाच महिने १६६३.०६ डॉलर आणि अकरा महिने १७१६.२८ डॉलर, मिळून २७ हजारांच्या वर.

निर्णयपत्राच्या तारखेपासून एक वर्ष तीन दारं उघडी असतात: हायर लेव्हल रिव्ह्यू म्हणजे एचएलआर (वरिष्ठाकडून फेरतपासणी), सप्लिमेंटल क्लेम (नव्या पुराव्यासह पुन्हा अर्ज) आणि बोर्डाकडे, म्हणजे व्हीएच्या अपील मंडळाकडे, अपील. वर्षाच्या आत यांतलं काहीही धरलं, आणि पुढच्या प्रत्येक निकालानंतरही वर्षाच्या आत पुढचं पाऊल टाकलं, तर मूळ तारखेचा हक्क जिवंत राहतो. वर्ष उलटलं की एचएलआर आणि बोर्ड बंद. सप्लिमेंटल चालू राहतो, पण त्याने मिळणारी तारीख त्या नव्या अर्जाच्या मागे जात नाही, म्हणजे तारखेच्या वादात त्याचा उपयोग जवळपास शून्य. नुसतं ‘मला आधीची तारीख द्या’ असं स्वतंत्र प्रकरण नंतर कधीतरी उभं करता येत नाही, हे २००६ च्या रड निकालापासून पक्कं आहे. वर्ष मोजलं जातं पत्रावरच्या तारखेपासून. सहा महिने पुण्याला राहून परत आल्यावर टपाल उघडलं, ही सबब नव्हे.

बहुतेक जण आधी सप्लिमेंटल धरतात. फॉर्म २०-०९९५ ओळखीचा वाटतो, सोबत कागद जोडता येतात, आणि कागद जोडले की काहीतरी केल्यासारखं वाटतं. माझी अडचण नेमकी इथे आहे. या दारातून आत जायला ‘नवा आणि संबंधित’ पुरावा लागतोच. पण वरच्या नमुन्यात नवं काय आहे? वाद ज्या कागदावर आहे, तो म्हणजे इंटेंट टु फाइल, फाइलमध्ये आधीपासून पडलेला. मग लोक प्रवेशाचं तिकीट म्हणून काहीतरी शोधतात, आणि हाताशी सर्वांत सोपं असतं घरच्यांचं निवेदन, फॉर्म २१-१०२१०.

आता त्या निवेदनात बायको प्रामाणिकपणे लिहिते: ‘२०२३ च्या दिवाळीपासून यांची झोप पार गेली, रात्री दचकून उठतात.’ तिच्या मनात असतं, बघा किती दिवस हाल चालले आहेत. रेटर, म्हणजे क्लेमवर निर्णय देणारा व्हीएचा कर्मचारी, वाचतो: आजाराने हा टप्पा गाठला नोव्हेंबर २०२३ मध्ये. ऑक्टोबर २०२४ वरून तारीख मागे आली खरी, पण जूनपर्यंत पोचली नाही, आणि आता ती तुमच्याच घरच्या सहीने अडली. शिवाय सप्लिमेंटल जातो पहिल्या निर्णयाच्याच पातळीवरच्या रेटरकडे. त्याच्यावर पुरावा मिळवण्याची जबाबदारी पुन्हा सुरू होते, म्हणून तो नवी तपासणी मागवू शकतो. तपासणीच्या तारखेनेच घोटाळा केलेला असताना आणखी एक तपासणी कशाला ओढवून घ्यायची?

एचएलआरला, फॉर्म २०-०९९६ ला, नवा पुरावा चालतच नाही. अनेकांना हा त्याचा दोष वाटतो. तारखेच्या वादात मला तोच गुण वाटतो. पहिल्या निर्णयाच्या दिवशी फाइलमध्ये जे होतं तेवढंच वरिष्ठ रिव्ह्यूअर नव्याने वाचतो, पहिल्या रेटरच्या मताला बांधील न राहता. वादाला फाटे फुटायला जागा कमी. एचएलआर आणि सप्लिमेंटल दोन्हींसाठी व्हीएचं उद्दिष्ट सरासरी १२५ दिवसांचं, त्यामुळे वेळेच्या नावाने निवड करण्यात अर्थ नाही.

फॉर्म भरताना मुद्द्याच्या रकान्यात नुसतं ‘पीटीएसडी’ (आघातानंतरचा मानसिक आजार) असं आजाराचं नाव लिहू नका. ‘पीटीएसडी, ७० टक्के, इफेक्टिव्ह डेट’ असं लिहा, नाहीतर वाद टक्क्यांचा समजला जातो. शेजारी निर्णयपत्राची तारीख, पत्रावर आहे तीच. इन्फॉर्मल कॉन्फरन्सचा चौकोन जरूर भरा. ही एकदाच मिळणारी फोनवरची भेट असते. तिथे हालअपेष्टा सांगत बसू नये, फक्त बोट ठेवावं: इंटेंट टु फाइल या तारखेला मिळालं, पूर्ण क्लेम वर्षाच्या आत गेला, आणि या उपचार-नोंदीत लक्षणं आधीपासून आहेत. एका कागदावर या तीन ओळी समोर असल्या की पुरे. फोन उचलला गेला नाही तर काम तुमच्या बोलण्याविना पुढे सरकतं.

सगळं गोड नाही. पहिल्या रेटरने एखादा पुरावा मागवायला हवा होता असं रिव्ह्यूअरला वाटलं, तर तो प्रकरण दुरुस्तीसाठी परत पाठवतो आणि तपासणीचं शुक्लकाष्ठ तिथूनही मागे लागू शकतं. एचएलआरवर पुन्हा एचएलआर मागता येत नाही. पण सप्लिमेंटल आणि बोर्ड दोन्ही शिल्लक राहतात, म्हणून पहिली चाल म्हणून त्यात फारसं हरण्यासारखं नाही.

उलट निर्णायक कागद फाइलमध्येच नसेल, तर एचएलआर म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. इंटेंट टु फाइल फॅक्सने पाठवलं, पोच तुमच्याकडे आहे आणि व्हीएकडे नोंदच नाही, अशा वेळी ती पोच हाच नवा पुरावा आणि सप्लिमेंटल हाच रस्ता. नोंद आहे की नाही हे व्हीएसओ, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेचा मान्यताप्राप्त मदतनीस, आपल्या संगणकावर पाहून सांगू शकतो. पूर्ण सी-फाइल, म्हणजे व्हीएकडची तुमच्या क्लेमची सगळी फाइल, फॉर्म २०-१०२०६ ने मागवता येते, पण तिची वाट बघत वर्ष घालवू नका. नोंद सापडली तरी ती नीट वाचा: चौकोन कॉम्पेन्सेशनचा भरला होता की फक्त पेन्शनचा? मधल्या काळात दुसऱ्याच आजाराचा क्लेम आधी पाठवून ते इंटेंट खर्ची तर पडलं नाही? एक इंटेंट त्यानंतरच्या पहिल्या पूर्ण क्लेमलाच लागतं. त्याच क्लेममध्ये हवे तितके आजार घाला, पण दुसऱ्या क्लेमला ते पुरत नाही.

लष्करी नोंदींचं प्रकरण वेगळं. पहिला क्लेम नाकारला तेव्हा अस्तित्वात असलेली पण फाइलमध्ये न आलेली सेवेची अधिकृत कागदपत्रं नंतर मिळाली आणि त्यांच्या आधारावर मंजुरी झाली, तर व्हीएच्या नियम ३.१५६(c) प्रमाणे तारीख थेट पहिल्या क्लेमपर्यंत जाऊ शकते, मधे कितीही वर्षं गेली असली तरी. वर्षाच्या अटीतून सुटण्याची इतकी रुंद फट दुसरी नाही. खासगी डॉक्टरचे कागद मात्र यात बसत नाहीत.

बोर्डाचा फॉर्म १०१८२ मी तेव्हाच सुचवेन जेव्हा वाद कायद्याच्या अर्थाचा असेल. रेटर आणि रिव्ह्यूअर व्हीएच्या अंतर्गत मॅन्युअलप्रमाणे चालतात. बोर्डाचा न्यायाधीश त्या मॅन्युअलला बांधील नसतो. डायरेक्ट रिव्ह्यूचं उद्दिष्ट ३६५ दिवसांचं, पुरावा किंवा सुनावणी मागितली तर त्याहून लांब. हरलात तर १२० दिवसांत कोर्ट. मात्र ‘आजारपणामुळे वेळेत अर्ज करता आला नाही’ या कारणावर भिस्त असेल तर बोर्डाचीही फार आशा नको. सेवामुक्तीनंतर वर्षाच्या आत क्लेम केला की तारीख सेवामुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून मिळते, पण ते वर्ष अशा कारणांनी वाढवता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या अरेयानो निकालात एकमताने सांगितलं.

वर्ष गेलेलं असेल आणि लष्करी नोंदींची फटही नसेल, तर उरतं सीयूई, म्हणजे निर्विवाद चूक. मुदत नाही, पण कसोटी कडक. त्या वेळी फाइलमध्ये असलेले कागद आणि त्या वेळचा कायदा, एवढ्यावरच दाखवावं लागतं की चूक झाली नसती तर निकाल नक्की वेगळा लागला असता. ‘पुराव्याला कमी वजन दिलं’ हे चालत नाही, ‘तपासणीच करवली नाही’ हेही नाही, आणि संशयाचा फायदा इथे मिळत नाही. वेळेत नोंदलेलं इंटेंट रेटरने पाहिलंच नाही, हे मात्र सीयूईत बसू शकतं.

मदत कुणाची घ्यावी यावरही तारखेच्या वादाचा रंग चढतो. मान्यताप्राप्त वकिलाची फी थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंत वाजवी धरली जाते, आणि इथे सगळा वादच थकबाकीचा. वरच्या २७ हजारांतले जवळपास ५,४०० डॉलर तिकडे जातील. इंटेंटवर मिळाल्याची तारीख स्पष्ट असेल तर एचएलआरला फुकट काम करणारा व्हीएसओ पुरतो. सीयूईच्या अर्जासाठी मात्र तेवढे पैसे मोजावेत, कारण एकदा मांडून निकाली निघालेला मुद्दा पुन्हा त्याच रूपात मांडता येत नाही.