होडी विकताना बसलेला फटका : जास्तीच्या रकमेचा चेक आला तर थांबा

स्वतः बनवलेली होडी विकायला काढली असेल तर हे पूर्ण वाचा. माझे पैसे गेले आणि एक खरा गिऱ्हाईकही गेला, आणि दोन्ही मीच माझ्या हाताने घालवले.

होडी १२ फुटी, दोन वल्ह्यांची, ६ मिमी मरीन प्लायची (पाण्यात वापरायचं प्लायवूड). प्लायचे कापलेले भाग तांब्याच्या तारेने शिवायचे, सांध्यात इपॉक्सी (वाळून कडक होणारा चिकट पदार्थ) भरायचं आणि वरून फायबरग्लासची पट्टी चढवायची, अशी ती पद्धत. शीट ८ फुटी येते म्हणून १२ फुटांना दोन तुकडे जोडावे लागतात, आणि त्या जोडाला दोन्ही कडा जाडीच्या आठपट लांब, म्हणजे ४८ मिमी, उतरत्या रंधून घ्यायच्या असतात, तो एक जोड नीट जमायलाच मला तीन आठवडे लागले. वल्हीपण मीच तासली, पावणेआठ फुटांची. एकूण आठ महिने. हे एवढ्यासाठी सांगतोय की इतके दिवस जीव लावलेली होडी कोणी घासाघीस न करता सांगितलेल्या किमतीला घेतो म्हणाला की आपण हुरळून जातो, आणि नेमकं तेव्हाच डोकं चालायचं बंद होतं.

जाहिरात टाकली त्याच दिवशी मेसेज आला, "वस्तू अजून आहे का?" हो म्हटलं. किंमत मान्य. कामासाठी बाहेर आहे, बघायला येता येणार नाही, पण चेक पाठवतो आणि माझा ट्रान्सपोर्टवाला येऊन घेऊन जाईल, असं म्हणाला. मला तर सुटल्यासारखंच झालं, कारण होडी विकताना खरी डोकेदुखी ती न्यायची असते. आधीची होडी मी गाडीच्या टपावर उलटी टाकून पोचवली होती, मधे दोन पट्टे, पुढचं आणि मागचं टोक वेगळ्या दोरीने बंपरखाली बांधलेलं, पट्ट्यांना एकेक पीळ दिलेला म्हणजे वाऱ्यात ते थरथरत नाहीत, आणि तरी दर थोड्या वेळाने उतरून गाठी तपासत होतो. आता कोणीतरी परस्पर नेतोय म्हटल्यावर मी पुढे काही विचारलंच नाही.

दोन दिवसांनी एकजण मुलीला घेऊन होडी बघायला आला. गुडघ्यावर बसून टॉर्चने आतले सांधे बघितले, बोटाच्या पेराने तळ ठोकत ठोकत गेला (प्लायचे थर आतून सुटले असतील तर तिथे आवाज बद्द येतो), प्लाय बीएस १०८८ (मरीन प्लायचं ब्रिटिश मानक) ची आहे का विचारलं, एक टोक उचलून वजनाचा अंदाज घेतला, मुलगी तोवर आत बसून वल्ही धरून बघत होती. किंमत थोडी कमी करा, रविवारी पैसे घेऊन येतो म्हणाला. मी त्याला सांगितलं, होडी गेली. हे आठवलं की अजून पोटात तुटतं, पैसे गेल्यापेक्षा जास्त.

मग त्या मेसेजवाल्याचा चेक आला, तर तो किमतीच्या जवळपास दीडपट रकमेचा. विचारलं तर म्हणे वरचे पैसे ट्रान्सपोर्टवाल्याचे आहेत, तो आगाऊ घेतल्याशिवाय गाडी काढत नाही, तेवढे तुम्ही त्याच्या खात्यावर टाका. तिसऱ्या दिवशी खात्यात रक्कम दिसली, मी समजलो चेक वटला, आणि जास्तीचे पैसे पुढे पाठवून दिले.

इथेच सगळे फसतात म्हणून नीट सांगतो. खात्यात आकडा दिसला म्हणजे समोरच्या बँकेकडून पैसे आलेच असं नसतं, काही वेळा आपली बँक ते आधीच वापरायला मोकळे करते. चेक खोटा निघाला की पूर्ण रक्कम आपल्या खात्यातून परत वळती होते, आणि मधल्या काळात आपण पुढे पाठवलेले पैसे हे आपल्याच खिशातले असतात. भामट्याचं कमवायचं तेवढंच असतं, होडी त्याला नकोच असते.

आठवड्याने त्याचा मेसेज, भाडं वाढलंय, अजून थोडे पाठवा. तेव्हा पहिल्यांदा विचारलं की तुमचा माणूस होडी नेणार कशी, ट्रेलर आहे का, खाली टेकू काय देणार? उत्तर आलं, "बॉक्समध्ये पॅक करून नेतील." १२ फुटी होडी, बॉक्समध्ये! अंगावर काटाच आला. सगळे मेसेज वरपासून परत वाचले तर त्या माणसाने एकदाही होडी हा शब्द वापरलेला नव्हता, सगळीकडे वस्तू, वस्तू. लांबी नाही, वजन नाही, वल्ही सोबत मिळणार का हेसुद्धा नाही. हाच मेसेज तो सोफा विकणाऱ्यालाही पाठवत असणार. १२ व्या दिवशी चेक बनावट म्हणून परत आला. ट्रान्सपोर्टवाल्याच्या खात्यातले पैसे तोवर काढून झाले होते. त्या खऱ्या गिऱ्हाईकाला फोन केला, त्याने दुसरीकडून ॲल्युमिनियमची घेतली होती.

आता मी होडी बघायला स्वतः येणाऱ्यालाच देणार, आणि ट्रान्सपोर्टवाला त्याचा असेल तर त्याचं भाडं त्यानेच परस्पर द्यायचं, माझ्या खात्यातून तिसऱ्याला काही जाणार नाही.

आणि आत्ता तुमच्या खात्यात असा जास्तीचा चेक पडून असेल तर एक पैसाही पुढे पाठवू नका, समोरचा कितीही घाई करू दे. बँकेत जाऊन माणसाला गाठा, चेक खरंच वटलाय का ते ज्या बँकेचा चेक आहे तिच्याकडून खात्री करून द्या म्हणावं. त्या बँकेचा नंबर चेकवर छापलेला वापरू नका, तोही खोटा असू शकतो. पैसे आधीच पाठवले असतील तर आजच, आत्ताच बँकेला आणि पोलिसांना कळवा, आणि मेसेज काही झालं तरी डिलीट करू नका. रागाच्या भरात मी निम्मे उडवले होते, तक्रार देताना तेच हवे होते.