अकरा इमारती, एक शीट आणि काकाजी : दहा महिन्यांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यात, वणी-पांढरकवडा पट्ट्यातल्या एका गावात आमच्या संस्थेच्या अकरा इमारती आहेत. शाळा, वसतिगृह, कर्मचाऱ्यांच्या खोल्या, एक कवेलूचं जुनं कोठार. मी डिप्लोमा सिव्हिल, लहान ठेकेदार, देखभाल माझ्याकडे. इमारतींची माहिती तीन ठिकाणी असायची : कार्यालयातल्या बाबूजींचं डेड स्टॉक रजिस्टर (कायमच्या सामानाची नोंदवही), माझी डायरी आणि चपराशी काकाजींचं डोकं. सगळ्यात भरवशाचं तिसरं. आणि काकाजी येत्या मार्चमध्ये निवृत्त होतात. म्हणून मागच्या ऑक्टोबरात ही सगळी माहिती संगणकावर एका ठिकाणी आणायला सुरुवात केली. विकतच्या सॉफ्टवेअरला संस्थेनं नाही म्हटलं, तेव्हा जे फुकट मिळतं तेच वापरलं.

सुरुवात गूगल शीट्सपासून. पहिल्याच दिवशी फजिती. इमारत ३, खोली ४ म्हणून मी ३-४ टाकत गेलो आणि शीटनं त्याच्या तारखा करून टाकल्या. वसतिगृहाच्या चौथ्या खोलीची ३ एप्रिल झाली. सगळं वसतिगृह भरून झाल्यावर हे लक्षात आलं. आता नंबर 'व०४', 'श११' असे, अक्षरानं सुरू होणारे. दुसरी गंमत बाबूजींची. ते मराठी कीबोर्डवरून पंखे भरायचे, '७' मराठीत, आणि खाली बेरीज शून्य. शीटला तो आकडा नव्हे, अक्षर वाटतं. तेव्हापासून शीटमध्ये नावं मराठीत, आकडे इंग्रजीत. संडास, शौचालय, टॉयलेट असे तीन प्रकार एकाच गोष्टीचे झाले होते, ते ड्रॉपडाउन (ठरावीक पर्यायांची यादी) लावल्यावर थांबले.

पाहणीसाठी कोबो टूलबॉक्स. प्रश्नांची यादी साध्या शीटमध्ये लिहायची, ती चढवली की मोबाइलवर फॉर्म तयार. नेटवर्क नसलं तरी भरता येतो, फोटो जोडता येतो, हा त्याचा मोठा गुण. वसतिगृहामागे रेंज नसते. मी भरून ठेवतो आणि बसस्टँडवर चहा घेताना पाठवतो. पण दरवेळी तो नवी नोंद करतो. त्यामुळे महिन्याच्या पाहणीला उत्तम, कायमच्या रजिस्टरला नाही. त्यातून काढलेली सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) एक्सेलमध्ये थेट उघडली तर मराठीचा भुगा होतो. एक्सेलसारखाच फुकटचा लिब्रेऑफिस कॅल्क उघडताना अक्षरांची पद्धत विचारतो, तिथं यूटीएफ-८ निवडायचं, मराठी शाबूत.

एसक्यूलाइट हा फुकटचा डेटाबेसही करून पाहिला. चांगला आहे, पण बाबूजींना जमला नाही. विषय संपला.

बॉन्साय हे ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बसणारं, इमारतींचं मॉडेल करायचं फुकटचं अवजार, २०२४ पर्यंत त्याचं नाव ब्लेंडरबिम होतं. त्यात वसतिगृहाचं मॉडेल केलं. चौदा खोल्यांना दोन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या, आठ जीबीचा लॅपटॉप धापा टाकायचा. पण फाइल आयएफसी, म्हणजे इमारतीची माहिती ठेवायच्या प्रकारात निघते. आयएसओ १६७३९ चं हे खुलं मानक, एका कंपनीच्या दावणीला बांधलेलं नाही, आणि फाइल नोटपॅडमध्येही उघडते. आयएफसीसीएसव्ही या जोड-अवजारानं खोल्यांची यादी शीटमध्ये काढता येते आणि दुरुस्त करून परत घालता येते. तरी बाकी दहा जुन्या इमारतींचं मॉडेल मी करणार नाही. नवीन बांधकाम असेल तर मात्र आर्किटेक्टकडून पीडीएफबरोबर आयएफसीही मागून घ्या, म्हणजे हे काम आपल्या डोक्यावर येणार नाही. आयएफसीत प्रत्येक वस्तूला बावीस अक्षरांचा ओळखक्रमांक मिळतो. तो काही दाराच्या चौकटीवर लिहिता येत नाही.

चौकटीवर आम्ही ऑइलपेंटनं 'व०४' लिहिलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगारी आले आणि अख्ख्या वसतिगृहाचे नंबर रंगाखाली गेले. आता नंबर चौकटीच्या वरच्या आतल्या बाजूला आहेत.

पैसे खरे वसूल झाले ते एका भेगेत. वसतिगृहाच्या ईशान्य कोपऱ्यात तिरपी भेग आहे. खाली काळी माती. दर महिन्याला, एकाच खुणेवर रुंदी मोजून शीटमध्ये टाकली : ऑक्टोबरात दीड मिलिमीटर, मे महिन्यात चार, जुलैअखेर अडीच. मे महिन्यात सचिव साहेब म्हणाले, भेग भरून रंग मारून घ्या. मी आकडे दाखवले. काळी माती उन्हात आकसते, पावसात फुगते. मे महिन्यात उघडलेली भेग घट्ट भरली तर पावसाळ्यात तोच मसाला चेपून गिलावा सुटतो. त्याच शीटमध्ये कोपऱ्याजवळची टाकी भरून वाहिल्याच्या नोंदी होत्या, फोटोसकट. आधी टाकीचा बॉलकॉक बदलला आणि पाणी पायापासून दूर काढलं. भेग अजून भरलेली नाही. आणखी एक पूर्ण वर्ष मोजणार.

आता काकाजी. मोबाइल पाहत ते एक दिवस म्हणाले, "भाऊ, पंखे-खिडक्या सारं लिवून राहिले तुमी, पण गच्चीची मोरी कोठी तुंबते ते लिवलं काय?" नव्हतं लिहिलं. त्यासाठी रकानाच नव्हता. त्याच दुपारी त्यांनी सात जागा सांगितल्या, मी नवा रकाना केला.

जमिनीखालच्या पाण्याच्या लाइनीही त्यांनाच ठाऊक. आधी मोबाइलच्या जीपीएसनं खुणा घेतल्या. चार-पाच मीटरचा फरक पडतो. दोन भिंतींमधल्या नळासाठी त्याचा उपयोग शून्य. मग साधा टेप घेतला : इमारतीच्या दोन कोपऱ्यांपासूनचं अंतर, दोन आकडे, एक फोटो. लेझर मीटरही आहे, पण बाहेर उन्हात त्याचा लाल ठिपका दिसत नाही.

सहा लाइनी झाल्या. शाळेमागची एक बाकी आहे, ती संस्थेच्या वावरातून जाते आणि तिथं सध्या पऱ्हाटी (कपाशी) उभी आहे. काकाजी म्हणतात, फेब्रुवारीत निघेल, मग टेप धरू.